न तापणारा माणूस

लॉंड्रीवाल्या बाईंचं म्हणणं एवढंच होतं, की भांडायला समोर माणूस लागतो. भिंतीशी भांडलं तर निदान कधीतरी गिलावा तरी पडतो. त्यांच्या नवऱ्याशी भांडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. एकदा फार झालं तेव्हा त्या पिशवी भरून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी चालले घर सोडून. कायमची." त्याने बाहेर नजर टाकली आणि म्हणाला, "छत्री ने." बाहेर पाऊस होता हे खरं आहे. पण म्हणून काय? बाईंनी पिशवी जागच्या जागी आपटली आणि छत्री कोपऱ्यात भिरकावली. छत्रीची एक काडी त्या दिवसापासून वाकडी आहे, आणि ती कुणी वाकडी केली हेही त्याने कधी विचारलं नाही.

त्याला सगळे गारठा म्हणत. हे नाव बाईंच्या भावाने ठेवलेलं, तेही लग्नाच्याच दिवशी. जेवणं चालू असताना दिवे गेले. मुलं रडायला लागली, वाढपी एकमेकांवर आदळले, बाईंच्या वडिलांचा आवाज चढला. दिवे आले तेव्हा नवरदेवाचं पान स्वच्छ होतं. अंधारात सगळं जेवून हात पुसून बसला होता. "ताई, तुला अगदी गारठा मिळाला बघ," भाऊ कानात म्हणाला. तेव्हा बाई हसल्या होत्या. पुढे हसू कमी कमी होत गेलं, नाव मात्र राहिलं. दिवसभर तापलेल्या इस्त्रीमागे उभा राहणारा माणूस, कपाळावरून घामाच्या धारा, आणि गिऱ्हाईक काउंटरवरून विचारणार, "गारठा आहे का आत?"

दुकान अरुंद आणि लांबट. पुढे काउंटर, तिथे बाई. कपडे घ्यायचे, डाग तपासायचे, नंबराचा कागदी बिल्ला बांधायचा, बिल्ल्याचा अर्धा भाग फाडून गिऱ्हाइकाला द्यायचा, आणि हसून बोलायचं. दोघांच्या वाटणीचं बोलणं बाईच बोलत. मग एक पडदा, आणि पडद्यामागे गारठा: जाड घोंगडी अंथरलेलं टेबल, वरून टांगलेली वाफेची इस्त्री, ओला फडका. त्याच्याही मागे, भिंतीला लागून, एक लोखंडी दांडी. न्यायला कुणी आलंच नाही, असे कपडे या दांडीवर लटकत. काउंटरवर पाटी होती की ठरलेल्या मुदतीनंतर दुकान जबाबदार नाही. पाटी गारठ्यानेच लावलेली, आणि दांडीवरचे कपडे दर थोड्या दिवसांनी उतरवून, झटकून, पुन्हा इस्त्री करून लावणाराही तोच. एका पांढऱ्या सदऱ्याचा मालक कधीच वारला होता, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं.

"अहो, कोण येणार आहे आता?" बाई विचारत.

"येईल कुणीतरी."

"वरून?"

यावर तो सदऱ्याची कॉलर तेवढी नीट करायचा.

त्याचा एक नियम होता. इस्त्री हातात असली की बोलायचं नाही. लोक म्हणतात इस्त्रीने कपडा जळतो, पण तो म्हणायचा, इस्त्री जाळत नाही, थांबलेला हात जाळतो. म्हणून हात चालू तोवर कान बंद, तोंड बंद. एक कपडा पुरा झाला की इस्त्री तिच्या लोखंडी घोडीवर ठेवायची. खट् असा आवाज व्हायचा. त्या खट्पासून पुढच्या कपड्याला हात घालेपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढाच बाईंचा संसार. घरातलं सगळं महत्त्वाचं या फटीत सांगितलं गेलं होतं. दिवस गेल्याची बातमी घेऊन बाई पडद्यापाशी उभ्या होत्या, आणि तो एका शर्टाची बाही करत होता. बाही मेली संपता संपेना. शेवटी खट् झालं, बाईंनी सांगितलं, आणि तो म्हणाला, "बरं झालं." मग दुसरा शर्ट घेतला. पाऊस चांगला झाला की माणसं म्हणतात, तसं बरं झालं.

त्याची आई गेली तेव्हाचं तर बाईंनी साऱ्या नातेवाइकांना सांगून झालं होतं. निरोप घेऊन बाईंचा भाऊ धावत आला आणि पडदा सारून थेट म्हणाला, "भाऊजी, आई गेल्या." गारठ्याच्या हातात कुणाचीतरी पँट होती. हात थांबला नाही. त्याने दुसरा पाय पुरा केला, घडी मोडली नाही ना पाहिलं, पँट हँगरला लावली, खट्, वायर काढली, आणि मग निघाला. निघाला तो अनवाणी. चपला पोचवायला बाईंना अर्ध्या रस्त्यात धावावं लागलं. "आई मेली तरी ज्याचा हात थांबत नाही, त्याला काय बोलायचं?" असं म्हणून बाई ही गोष्ट संपवत. चपलांचं त्या सांगत, पण स्वतःचे हाल सांगायला म्हणून सांगत.

लेक याच काउंटरखाली वाढली, बिल्ल्यांवर अक्षरं गिरवत. शिकली, आणि शिकली तेही भलतंच: शब्द कुठून आले, कुणाच्या घरातून कुणाच्या घरात गेले, वाटेत काय होऊन बसले. यावर पोट भरेल असं बाईंना कधी वाटलं नव्हतं. पण दूरच्या एका थंड देशात शब्दकोश करणाऱ्या कचेरीने तिला बोलावलं. तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी तिला सांगायचं होतं, की ती एक वर्ष राहून परत येणार की कायमची राहणार. जायला बाईंची ना नव्हती. मुलगी जावी आणि परत यावी, एवढंच त्यांना हवं होतं, आणि लेकीचा कल कुठे झुकतोय ते त्यांना दिसत होतं.

झालं असं होतं, की ही बातमी बापाला सांगताना ती खट्साठी थांबली नाही. नियम तिला पाठ होता. तरी ती पडदा सारून आत गेली आणि चालत्या इस्त्रीवर म्हणाली, "बाबा, मला ती नोकरी मिळाली. मी चाललेय." इस्त्री पुढे गेली, मागे आली. लेक उभी राहिली. इस्त्री पुन्हा पुढे गेली. शेवटी खट् झालं तेव्हा पडद्याशी कुणी नव्हतं, आणि त्याने ते "बरं" कुणाला म्हटलं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"तुला माहीत नव्हतं का ते मध्ये बोलत नाहीत ते?" बाईंनी घरी तिला विचारलं. दोघी स्वयंपाकघरात चहा घेऊन बसल्या होत्या.

"माहीत होतं. म्हणूनच गेले. वाटलं, या वेळी तरी इस्त्री खाली ठेवतील." तिने कप बाजूला सारला. "बाबा नॉनशलंट आहेत, आई. त्याला काही इलाज नाही."

"शिवी आहे का?" शिवी असती तर बाईंना जरा बरंच वाटलं असतं.

"शिवी नाही गं. इंग्रजी शब्द आहे. कशाचंच काही न वाटणारा. बेफिकीर."

"बेफिकीर म्हणजे उनाड. हे कुठे उनाड आहेत? गल्लीच्या टोकाला जायचं म्हटलं तरी दोनदा कुलूप ओढून बघतात."

"तसा बेफिकीर नाही. आत काही हलतच नाही, असा." आणि मग, शब्दाचा विषय निघाला की तिचं व्हायचं तेच झालं, राग थोडा मागे पडला. "इंग्रजीने तो फ्रेंचकडून उचलला. फ्रेंचमध्ये एक जुनं क्रियापद होतं, पर्वा असणे, फरक पडणे अशा अर्थाचं. आणि ते आलं लॅटिनमधून. तिथे त्याचा अर्थ साधा होता, गरम असणे. आपण कॅलरी म्हणतो ना, तीही त्याच घरातली. म्हणजे ज्याची पर्वा वाटते त्याच्यासाठी माणूस आतून तापतो. आणि नॉन म्हणजे नाही. जो तापत नाही, तो नॉनशलंट."

बाईंनी जरा विचार केला. "म्हणजे आपली आचच की. कशाची आच नाही म्हणतो आपण, तसं."

"अगदी तेच," लेक म्हणाली, आणि क्षणभर तिचा चेहरा खुलला. मग तिला आठवलं हे आपण कुणाबद्दल बोलतोय, आणि चहा तसाच टाकून ती आपल्या खोलीत गेली.

बाईंच्या मात्र डोक्यात तो शब्द घर करून बसला. एवढा देशोदेशी हिंडून आलेला शब्द, आणि आला तो थेट त्यांच्या नवऱ्याच्या अंगावर बेतून. त्यांना बरं वाटलं आणि संतापही आला. इतकी वर्षं त्या ज्याला नुसतं "ढिम्म" म्हणत होत्या, त्याची परदेशातसुद्धा नोंद होती तर.

दुसऱ्या दिवशी त्या खट्साठी टपून बसल्या. खट् झालं तशा आत शिरल्या. "अहो, तिला सांगा. म्हणावं, परत ये. दोनच शब्द आहेत."

"ती काय लहान आहे? तिला कळतं."

"तिला कळतं. तुम्हाला कळत नाही. तुम्ही बोलला नाहीत तर ती तिकडेच राहील."

"तिला तिकडे बरं वाटलं तर राहू दे."

"आणि तुम्हाला?"

त्याने पुढचा कपडा उचलला. बाईंना तो कपडा फाडून टाकावासा वाटला, पण तो गिऱ्हाइकाचा होता. पुढच्या खट्ला त्या पुन्हा हजर. "लेक तुम्हाला काय म्हणते माहितीय? इंग्रजीत शब्द आहे तुमच्यासाठी. न तापणारा माणूस." आणि त्यांनी त्याला सगळं सांगितलं, लॅटिनपासून कॅलरीपर्यंत. त्याने नीट ऐकून घेतलं. इस्त्रीचा तळ फडक्याने पुसला. मग म्हणाला, "शब्द चांगला आहे."

बाई पडदा इतक्या जोरात ओढून बाहेर आल्या, की त्याच्या दोन कड्या तुटल्या. अशा माणसाबरोबर जन्म काढल्याबद्दल त्यांना कुणीतरी पदक द्यायला हवं होतं, असं त्या काउंटरवर उभ्या एका परक्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या. गिऱ्हाईक बिचारं आपली चादर घेऊन लगबगीने निघून गेलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी गारठा पडद्यातून डोकं काढून लेकीला म्हणाला, "कोट आण."

दोघी बघत राहिल्या. घरच्या कपड्यांना त्याने कधी हात लावला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, गल्लीतले सगळे परीटघडीत फिरायचे आणि घरची माणसं गादीखाली दाबलेले कपडे घालायची. लेकीने तिकडच्या थंडीसाठी घेतलेला राखाडी लोकरी कोट आणून दिला. पडदा पडला, वाफेचा फुस्स आवाज आला, आणि इस्त्री चालू झाली.

लेक काउंटरजवळच्या स्टुलावर बसली. बाई बिल्ले बांधत होत्या. शेवटी बाईंनीच विचारलं, कारण नाही विचारलं तर त्यांचं पोट फुगलं असतं, "काय ठरवलंस? वर्षाचं की कायमचं?"

"कायमचं," लेक म्हणाली. आवाज तिने मुळीच दबका ठेवला नाही. "परत कशासाठी येऊ? तू मला भेटायला तिकडे येशील. इथे माझं असणं-नसणं सारखंच आहे. मी गेले तरी उद्या याच वेळी इस्त्री चालूच असणार."

बाईंचे कान मागे लागले होते. इस्त्रीच्या पुढे-मागे होण्याच्या आवाजाची त्यांना इतकी सवय होती, की तो ऐकू येईनासा झाला होता. आत्ता तो थांबला. त्या खट्ची वाट बघत राहिल्या. खट् झालं नाही.

मग वास आला. केस जळल्यासारखा.

बाई पडदा बाजूला करून आत धावल्या. त्यांना वाटलं, वायर जळली. गारठा टेबलापाशी उभा होता, हात इस्त्रीवर, इस्त्री कोटावर, आणि खालचा फडका सुकून करपला होता. तो पडद्याकडे बघत होता. पडद्याकडे म्हणजे, पडद्यापलीकडे लेक बसली होती त्या बाजूला.

"अहो, हात उचला."

त्याने उचलला. कोटाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग पडला होता. "जळला," तो म्हणाला.

लेक मागून आली होती. "माझाच कोट," ती म्हणाली, "एवढ्या वर्षांत कुणाचा साधा रुमाल जाळला नाहीत तुम्ही, आणि आज माझाच..." आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. ती याच दुकानात वाढली होती. काय जाळतं आणि काय जाळत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

बाईंना मात्र गप्प बसणं जमणारं नव्हतं. "आई गेली तुमची, तेव्हा हात थांबला नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि दोन्हींचा त्यांना सारखाच राग येत होता. "आणि पोरगी परत येणार नाही म्हटल्यावर थांबला. मग बोला ना तोंडाने. जीव तुटतो तर सांगा. नवाकोरा कोट कशाला जाळायचा?"

त्याने इस्त्री घोडीवर ठेवली. खट्. आता बोलायची वेळ होती, हे तिघांनाही कळत होतं. त्याने खिशातून बिल्ला काढला, कोटाच्या काजात दोरा ओवला, गाठ मारली. गाठ पहिल्यांदा सुटली, त्याने पुन्हा मारली.

"रफू करावं लागेल," तो म्हणाला. "रफूवाला म्हातारा आहे. वेळ लावतो."

"राहू दे बाबा. मी तसाच नेते."

"जळका कोट मी देत नाही." त्याने बिल्ल्याचा अर्धा भाग फाडून तिच्यापुढे धरला, गिऱ्हाइकापुढे धरतात तसा. "न्यायला ये."

लेकीने बिल्ला घेतला. तिचा हात तिथेच राहिला. "आणि नाही आले तर?"

त्याने मागच्या दांडीकडे पाहिलं, मेलेल्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्याकडे, ज्याला कालच नव्याने इस्त्री झाली होती. "इथे असेल," तो म्हणाला. "पण तू ये."

लेक त्या तव्यासारख्या तापलेल्या खोलीत, टेबलाच्या कडेला डोकं टेकून रडली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हलवलाही नाही. आणि बाई, ज्यांना इतके दिवस नेमकं हेच हवं होतं, त्या म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे. पण तिकडे बर्फ पडतो. पोरीने अंगावर काय घालायचं, बिल्ला?"

दुसऱ्या दिवशी लेक बाईंचा जुना कोट घालून गेली. बाह्या तिला आखूड होत होत्या. नवीन घेणारच होती ती तिथे, पण तोवरच्या थंडीचा विचार करून बाई परतीच्या वाटेभर नवऱ्याशी भांडत आल्या. तो "बरं" म्हणत चालत होता. लेकीचं तिकडे काय ठरेल ते दोघांनाही ठाऊक नव्हतं, कारण जाताना तिने ते सांगितलं नाही आणि तिला विचारायचा बाईंना, आयुष्यात पहिल्यांदाच, धीर झाला नाही.

फोन आला तो भर कामाच्या वेळी. बाईंनी काउंटरवर घेतला. लेकीचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता, तिकडे कचेरीत कुणीतरी हसत होतं. "आई, वर्षाचंच सांगितलं," ती म्हणाली. "बाबांना सांग, कोट नीट ठेवा म्हणावं." बाईंनी फोन ठेवला, डोळे पुसले, आणि सवयीप्रमाणे पडद्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आत शर्टाची बाही चालू होती, हे आवाजावरून कळत होतं. बाही म्हणजे वेळ लागणार. पूर्वीही एकदा त्या अशाच बातमी घेऊन इथे उभ्या होत्या, तेव्हा बाही संपता संपेना.

खट् झालं.

बाईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पडदा सारला. टेबलावरच्या शर्टाची बाही अर्धी सपाट होती आणि अर्धी चुरगळलेली, आणि इस्त्री घोडीवर होती.

"काय म्हणाली?" त्याने विचारलं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. छत्री आठवली, चपला आठवल्या, "शब्द चांगला आहे" तर चांगलंच आठवलं. त्या पडद्याला टेकून सावकाश उभ्या राहिल्या.

"आधी ती बाही पुरी करा," त्या म्हणाल्या. "मग सांगते."

त्याने इस्त्रीला हात लावला नाही. "सांग ना," तो म्हणाला.